धरून ठेवा

दिवसातून साठ वेळा मी तीनच गोष्टी बोलते,
शिशाच्या काचेआडून:
घ्या. धरून ठेवा. सोडा.
म्हापशात या इस्पितळाला लोक अजून आझिलोच म्हणतात,
इमारत बदलली तरी.

टोकन त्रेचाळीस. तुळशीदास च्यारी, शिरसई, वय छत्तीस.
व्यवसायाच्या रकान्यात कुणीतरी टाकलंय: हेल्पर.
शर्ट काढला तेव्हा फासळ्या मोजता आल्या,
दंड मात्र अजून कामाचे.
हनुवटी वर, खांदे पुढे, छाती प्लेटीला टेकवा.
घ्या.
धरून
खोकला.
पुन्हा. घ्या, धरून ठे
पुन्हा खोकला, आणि पडद्यावर
वाऱ्यातल्या झावळीसारख्या हललेल्या फासळ्या.
तो ओशाळून हसला, उधार मागायला आल्यासारखा.
"स म्हयने टीबीच्यो गुळयो घेतल्यो," म्हणाला,
"मूत केशरी जाला. थुंकींत कांयच मेळ्ळें ना."

तिसऱ्यांदा मीही त्याच्याबरोबर श्वास धरला.

चित्र आलं.
वर, दोन्ही टोकांशी, रव्याची चाळण झटकावी तसे ठिपके,
मधल्या गाठींना अंड्याच्या टरफलाची पांढरी कड.
मला बोलायची मुभा नाही. रिपोर्ट डॉक्टर लिहितात.
मी फक्त विचारलं, काम काय करता?

ओटे, म्हणाला. किचनचे.
बाप देवळांच्या पायऱ्या घडवायचा,
छिन्नीनं, उघड्यावर, माडाच्या सावलीत.
खोकायचा तोही, पण सत्तरी बघून गेला.
माझ्या हाती कटर आला, आणि हा नवा दगड.
दगड कसला, गारगोटीचं पीठ डिंकात थापलेलं,
हळदीचासुद्धा डाग न धरणारं.
आसगावच्या बंगल्यांना तोच लागतो,
जिथे गॅस पेटतो डिसेंबरातले दहा दिवस.
पाणी मारून कापावं तर रंगवलेल्या भिंतीवर शिंतोडे,
म्हणून सुकाच कापायचा. तोंडाला रुमाल.
संध्याकाळी भुवया पांढऱ्या व्हायच्या,
धाकटी टाळ्या पिटायची: पपा म्हातारो जालो!

बटणं लावता लावता थांबला.
नीट बघितलं माझ्याकडे.
"बाय, करासवाड्याक फ्लॅट न्हय तुमचो? दुसऱ्या माळयेर?
हांवेंच घातिल्लो तुमचो ओटो.
सिंक गळना मू?"

नाही, म्हटलं मी. गळत नाही.

चवथीच्या आत ओटा हवा, हा हट्ट माझाच.
हॉलमध्ये धूळ नको म्हणून
ओली चादर दाराच्या फटीत मीच कोंबलेली.
दार ओढून घेतलं होतं. कडी नव्हती लावली,
पण ओढून घेतलं होतं.
आत कटर किंचाळत होता, सिंकचं भोक,
तेहेतीस इंच बाय अठरा.
मध्ये एकदा चहा दिला, बशीनं झाकून.
नंतर तीन दिवस डब्यांवरची पूड पुसत
करवादले, काय ही घाण करून ठेवलीय मेल्यानं.
मी. आठ तास शिशाचा झगा घालणारी,
गळ्यात बिल्ला अडकवून
महिन्याला किती किरण लागले ते मोजून घेणारी.

तो गेला. प्लेटीवर त्याच्या छातीचा घाम
बोळ्यानं पुसायचा असतो, पुसला.
मग कीबोर्ड ओढला, हेल्पर खोडलं.
त्या रकान्यात वीसच अक्षरं मावतात, मोकळी जागा धरून.
गारगोटीचा दगड, सुक
एवढ्यावर थांबलं. पुन्हा खोडलं, पुन्हा लिहिलं.
दगड कापणे, बारा व
पुढे उमटेचना.

शेवटी पाकीट उलटं केलं
आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर
पेनानं लिहून काढलं सगळं, डॉक्टरांसाठी:
कुठला दगड, किती वर्षं, पाणी न मारता, दारं लावून.
कुणाकुणाच्या घरी, ते कुणी विचारत नाही.
तरी एक पत्ता लिहिला.